विनोदी प्रवासवर्णन

विनोदी प्रवासवर्णन : प्रवासात आलेल्या अनुभवांचे हास्यजनक निवेदन करणारा वाङ्‌मयप्रकार. ललित गद्य, आत्मचरित्र, विनोदी निबंध व मौखिक कथन या चारही प्रकारांशी त्याचे नाते आहे. सामान्य प्रवासवर्णनात स्थळाचे सौंदर्य, इतिहास आणि लोकजीवन यांना प्राधान्य असते. विनोदी प्रवासवर्णनात ते स्थळ गाठताना झालेल्या फजितीला असते. चुकलेली गाडी, हरवलेले सामान, न कळलेली भाषा, न पचलेले अन्न आणि न मागता लाभलेला सहप्रवासी ही त्याची नेहमीची सामग्री होय. घडताना त्रासदायक वाटलेली घटना घरी परतल्यावर हसून सांगता येते, या साध्या अनुभवावर हा प्रकार उभा आहे. लिखित साहित्यात त्याने स्वतंत्र स्थान मिळविण्याच्या कितीतरी आधीपासून धर्मशाळेत, घाटावर, बाजाराच्या वाटेवर व बैलगाडीत लोक एकमेकांना असे किस्से सांगत आले आहेत.

स्वरूप : प्रवासात माणूस आपल्या ओळखीच्या जगातून बाहेर पडतो. घरी त्याला नाव, नाते, हुद्दा व पत असते. वाटेवर तो केवळ एक उतारू असतो. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे, असा गृहस्थ अनोळखी स्थानकावर पाण्याची जागा विचारत फिरतो, तेव्हा त्याची प्रतिष्ठा आणि त्याची गरज यांत जे अंतर पडते, ते विनोदाचे पहिले उगमस्थान. दुसरे उगमस्थान अपेक्षाभंगाचे. प्रवासी मनात एक चित्र घेऊन निघतो व प्रत्यक्षात त्याला वेगळेच काही भेटते. तिसरे सक्तीच्या सहवासाचे. परस्परांना निवडले नसलेली माणसे काही तास एकाच बाकावर बसतात आणि त्यांच्या सवयी, भूक, झोप व मते यांची टक्कर होते. चौथे भाषेचे. शब्द तोच, पण मुलुख बदलला की अर्थ बदलतो. कोसाकोसावर बदलणाऱ्या मराठीत तर याला परदेशगमनाचीही गरज पडत नाही.

या प्रकारातील निवेदक बहुधा प्रथमपुरुषी असतो. तो साहसी नसतो. किंबहुना साहस टाळण्याची त्याची धडपडच त्याला संकटात टाकते. वाचकाचा त्याच्यावरील विश्वास दुहेरी असतो. घटना थोडी फुगवून सांगितली आहे हे वाचक जाणतो, पण ती घडलीच नाही असे त्याला वाटता कामा नये. अतिशयोक्तीला सत्याचा आधार सुटला, की प्रवासवर्णन संपते आणि कल्पित कथा सुरू होते. 

पूर्वपरंपरा : पाश्चात्त्य साहित्यात या प्रकाराचे एक जुने उदाहरण रोमन कवी होरेस (इ. स. पू. ६५–८) याच्या एका उपरोधिकेत मिळते. रोमहून ब्रुंडिसियमपर्यंतच्या प्रवासाचे वर्णन करताना तो राजकारणातील बड्या व्यक्तींविषयी फारसे बोलत नाही. बिघडलेले पोट, डास, बेडूक आणि कालव्यातील नावेवरचा गोंगाट यांविषयी मात्र सविस्तर लिहितो. आधुनिक काळात लॉरेन्स स्टर्न याचे ए सेंटिमेंटल जर्नी (१७६८), मार्क ट्वेनचे द इनोसंट्स ॲब्रॉड (१८६९) आणि जेरोम के. जेरोम याचे थ्री मेन इन अ बोट (१८८९) हे ग्रंथ महत्त्वाचे ठरले. ट्वेनने पवित्र भूमीच्या यात्रेस निघालेल्या अमेरिकन पर्यटकांच्या अज्ञानाला व स्थलदर्शकांच्या पोपटपंचीला एकाच वेळी लक्ष्य केले. जेरोमने टेम्स नदीवरील एका लहानशा सहलीतून हास्याचा अखंड प्रवाह निर्माण केला. संस्कृतातील भाण या एकपात्री रूपकप्रकारातही याचे बीज दिसते. चतुर्भाणी या नावाने प्रसिद्ध असलेल्या चार भाणांतील विट नगरातून भटकतो व वाटेत भेटणाऱ्यांशी झालेला संवाद एकटाच रंगवून सांगतो.

मराठीत प्रवासाचे निवेदन संतवाङ्‌मयापासून आढळते. नामदेवांच्या नावावरील तीर्थावळीच्या अभंगांत ज्ञानदेव व नामदेव यांच्या उत्तरेकडील तीर्थयात्रेचे वर्णन आहे. त्यांचा मुख्य रस भक्तीचा असला, तरी पंढरपूर सोडायला नाखूष असलेला नामदेव आणि त्याच्या विरहाने व्याकुळ होणारा विठ्ठल यांच्या चित्रणात एक हळुवार मिस्कीलपणा आहे. घर सोडताच घराची आठवण काढणारा प्रवासी मराठी साहित्यात येथेच प्रथम ठळकपणे भेटतो. महानुभावांच्या लीळाचरित्रा त (तेरावे शतक) चक्रधरांच्या सततच्या भ्रमंतीतील लहानसहान प्रसंग बोलीभाषेत नोंदले आहेत. त्यांतील संवादांचा चुरचुरीतपणा आजही जाणवतो.

लोकपरंपरेत तर प्रवास आणि हास्य यांची जोडी अधिक पक्की आहे. तमाशातील गौळण हा वस्तुतः वाटेवरचा प्रसंग आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवून दाण मागणारा कृष्ण, बोबडा पेंद्या आणि सर्वांच्या पुढे तोरा मिरविणारी मावशी यांच्या सवालजबाबातून हशा पिकतो. जकातीच्या नाक्यावर अडकलेल्या प्रत्येक वाटसरूला ही परिस्थिती ओळखीची वाटत असली पाहिजे. एकनाथांच्या भारुडांतही जोशी, वासुदेव, बहुरूपी असे दारोदार फिरणारे लोक बोलतात व हसवता हसवता परमार्थ सांगतात.

नेवासा व परिसर : या वाङ्‌मयप्रकाराची स्थानिक मुळे पाहण्यासाठी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासा हे प्रवरा नदीकाठचे गाव उपयुक्त उदाहरण ठरते. येथे वस्ती व वहिवाट फार जुनी आहे. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात केलेल्या उत्खननात प्राचीन अश्मयुगापासूनच्या मानवी वावराचे अवशेष मिळाले; सातवाहनकालीन थरांत रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडेही सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडची वस्तू येथपर्यंत पोहोचली, याचा अर्थ ती वाहून आणणारी माणसेही या वाटेने आली. त्यांनी रात्रीच्या मुक्कामी काय गप्पा मारल्या, याची नोंद मात्र कुंभाच्या तुकड्यांवर राहिलेली नाही.

शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानदेवांनी येथे ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या शिलास्तंभाला टेकून ती सांगितली असे परंपरा मानते, तो पैस खांब म्हणून ओळखला जातो. पैस या शब्दाचा अर्थ विस्तार, अवकाश. दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्या पैस (१९७०) या ललितलेखसंग्रहाचे नाव या खांबावरून आले आहे. या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. एका प्रवाशाने एका दगडी खांबासमोर उभे राहून काय अनुभवावे, याचा तो गंभीर आणि चिंतनशील आविष्कार आहे. याच गावाभोवती दुसरी, हसरी परंपराही नांदते. खंडोबाची पत्नी म्हाळसा ही नेवाशाच्या तिमशेट वाण्याची कन्या, अशी लोकसमजूत आहे. वाघ्या-मुरळींच्या जागरणात गायिल्या जाणाऱ्या एका कथेनुसार खंडोबा म्हाळसेशी सारीपाटाच्या डावात हरतो आणि बारा वर्षांसाठी घराबाहेर पडतो. शिकारीचे निमित्त पुढे करतो, धनगरवाड्यावर मेंढरे राखतो आणि परतताना बाणाईला घेऊन येतो. त्यानंतर दोन सवतींत जे भांडण जुंपते, ते श्रोत्यांच्या विशेष आवडीचे असते. प्रवासाहून उशिरा परतलेल्या नवऱ्याने द्यायचा जबाब आणि घरी राहिलेल्या बायकोने घ्यायची उलटतपासणी, हा विनोदी प्रवासकथेचा सनातन भाग येथे देवाच्या नावाने रंगतो. एकाच गावाशी निगडित असलेल्या या दोन परंपरांवरून प्रवासातील गांभीर्य व हास्य परस्परविरोधी नाहीत, हे ध्यानात येते. पैस म्हणजे मनाला मिळालेली मोकळी जागा असेल, तर हसणे हाही ती जागा मिळविण्याचाच एक मार्ग आहे.

नेवासा तालुक्यात प्रवासाची निमित्ते पुष्कळ आहेत. गोदावरी व प्रवरा यांचा संगम, टोक्याचे सिद्धेश्वर मंदिर, देवगडचे दत्तमंदिर, नेवाशाचे मोहिनीराज मंदिर आणि शनिशिंगणापूर ही यात्रास्थाने येथे आहेत. शिंगणापूर हे घरांना दारे व कुलपे न लावण्याच्या परंपरेमुळे सर्वदूर प्रसिद्ध झाले. अशा गावाच्या दर्शनाला निघताना आपल्या घराला दोन कुलपे घालून, ती ओढून पाहून, अर्ध्या वाटेवर पुन्हा कुलपांचीच चिंता करणारा यात्रेकरू कल्पिला, तर विनोदासाठी आणखी काही शोधावे लागत नाही. विसंगती परिस्थितीतच असते. सांगणाऱ्याने ती फक्त दाखवायची असते.

एस. टी. आणि मौखिक किस्से : लोहमार्ग नेवासा शहरावरून जात नाही. त्यामुळे येथील आधुनिक प्रवासाचा इतिहास हा मुख्यतः मोटारगाडीचा इतिहास आहे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, ही या जिल्ह्याच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब होय. ‘एस. टी.’ या दोन अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या वाहनाने महाराष्ट्रातील किस्स्यांचा साठा किती वाढविला, याचे मोजमाप करणे कठीण आहे. पूर्वी जात, धंदा व पत यांप्रमाणे माणसे वेगवेगळ्या वाहनांनी किंवा पायी जात, एस. टी.त शिक्षक, शेतकरी, नवपरिणीत जोडपे, तालुक्याच्या कचेरीत तारखेला निघालेले वादी-प्रतिवादी आणि टोपलीतली कोंबडी हे सर्व एका छपराखाली आले. सक्तीच्या सहवासाचा विनोद यामुळे सार्वत्रिक झाला.

या किस्स्यांचे काही ठराविक साचे सांगता येतात. जागा धरण्याचा किस्सा हा त्यांतील आद्य. गाडी स्थानकात शिरते न शिरते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी लहान मूलही आत सोडले जाते. रुमालाने धरलेली जागा कायदेशीर की अंगाने धरलेली, हा वाद पुढच्या दोन थांब्यांपर्यंत चालतो. निकाल लागतो तेव्हा वादींपैकी एकाचे गाव आलेले असते. सुट्या पैशांचा किस्सा दुसरा. त्यात वाहकाने तिकिटामागे लिहून दिलेली बाकी वसूल करताना उतारू स्वतःचे गाव विसरतो. तिसरा अंतराचा. पायी निघालेल्या पाहुण्याने ‘अजून किती लांब?’ असे विचारले, की गावकरी हात पुढे करून ‘हे काय, इथंच’ असे सांगतो. या ‘इथंच’ची लांबी सांगणाऱ्याच्या पायांवर अवलंबून असते, ऐकणाऱ्याच्या नव्हे. 

चौथा साचा फाट्याचा. मुख्य रस्ता गावाबाहेरून गेला, की त्या वळणावर फाटा नावाची दुसरी वस्ती उभी राहते. नेवासा फाटा हा नगर–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील असाच सुपरिचित थांबा. फाट्यावर प्रवासी ना घरी असतो, ना मुक्कामी. चहाची टपरी हे त्याचे प्रतीक्षागृह आणि टपरीवाला हाच चौकशी-अधिकारी असतो. गाडी येईपर्यंत करण्यासारखे दुसरे काही नसल्याने माणसे बोलू लागतात. किस्सा सांगण्यास लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, म्हणजे रिकामा वेळ आणि पुन्हा न भेटणारा श्रोता, फाट्यावर विपुल मिळतात. पुन्हा न भेटणाऱ्या श्रोत्यापुढे माणूस स्वतःची फजिती अधिक मोकळेपणाने सांगतो, हे मौखिक विनोदाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आधुनिक मराठी वाङ्‌मय : मराठी गद्य प्रवासवर्णनातील पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथांत विष्णुभट गोडसे यांच्या माझा प्रवास या ग्रंथाची गणना होते. दक्षिणेच्या आशेने आपल्या काकांसह उत्तर हिंदुस्थानाकडे निघालेला वरसईचा हा भिक्षुक नेमका १८५७ च्या उठावात सापडला. चिं. वि. वैद्य यांनी हा वृत्तांत १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ विनोदी नाही. त्यात लूट, उपासमार व मृत्यू यांची भीषण वर्णने आहेत. परंतु जगाची उलथापालथ होत असताना भोजन, दक्षिणा आणि गंगेची कावड यांची चिंता वाहणारा निवेदक पुढील विनोदी प्रवाशांचा पूर्वज शोभतो. इतिहास मोठा आणि प्रवासी लहान, या विरोधाचे सामर्थ्य येथे लेखकाच्या नकळत प्रकट झाले आहे.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्राचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. अहमदनगर व नेवाशाशेजारच्या तालुक्याचे ठिकाण असलेले राहुरी येथे टिळक दांपत्याचे दीर्घ वास्तव्य झाले. लहरी, उदार आणि बेत ऐनवेळी बदलणाऱ्या पतीबरोबर केलेल्या प्रवासांचे वर्णन लक्ष्मीबाई इतक्या निर्मळपणे करतात, की वाचक हसतो आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या सोशिकतेने थबकतो. त्या स्वतःच्या अज्ञानालाही सोडत नाहीत. घरखर्च कसा भागवायचा याची खात्री नसलेल्या स्त्रीचे हे हसणे आहे. म्हणून त्याला वजन आहे. 

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी सुदाम्याचे पोहे मधून मराठी विनोदी लेखाचा पाया घातला. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे त्यांचे त्रिकूट घराबाहेर पडले, की समाजातील रूढी व आचार यांची तपासणी सुरू होते. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी चिमणराव व गुंड्याभाऊ यांच्या रूपाने मध्यमवर्गीय कुटुंबाच्या धांदलीला कायमचे रूप दिले. जगाला जिंकण्याचा बेत करून निघावे आणि सामान मोजतानाच पराभूत व्हावे, ही चिमणरावी वृत्ती पुढील प्रवासलेखकांनी उचलली. १९०९ मध्ये मनोरंजन मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकाची प्रथा, १९२० पासूनचे किर्लोस्कर मासिक आणि १९५१ पासून निघणारा आवाज हा विनोदी दिवाळी अंक यांमुळे अशा लेखनास वाचक व व्यासपीठ लाभले.

प्रवासवर्णनास माहितीच्या जोखडातून मोकळे करून ललित साहित्याचा दर्जा देण्याचे श्रेय अनंत काणेकर (१९०५–८०) यांच्या धुक्यातून लाल ताऱ्याकडे (१९४०) या पुस्तकास देण्यात येते. खेळकर निवेदन हा त्याचा विशेष होय. गंगाधर गाडगीळ (१९२३–२००८) यांचे सातासमुद्रापलीकडे (१९५९), जयवंत दळवी (१९२५–९४) यांचे लोक आणि लौकिक व रमेश मंत्री यांची प्रवासवर्णने यांनी ही वाट रुंद केली.

या प्रकारातील सर्वांत लोकप्रिय नाव पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचे. अपूर्वाई (१९६०), पूर्वरंग (१९६३), जावे त्यांच्या देशा (१९७४) आणि वंगचित्रे (१९७४) ही त्यांची प्रवासवर्णने होत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात विलायतेस जाणारा मराठी माणूस दोन ओझी घेऊन जात असे : एक राज्यकर्त्यांच्या देशाविषयीचा दबलेला आदर आणि दुसरे त्या आदराची लाज. देशपांडे यांनी विनोदाने ही दोन्ही ओझी उतरविली. त्यांचा प्रवासी बुजरा, खवय्या, संगीतवेडा व सतत घराशी तुलना करणारा आहे. पण यजमान देशातील चांगले दिसताच मनमोकळी दाद देणाराही आहे. बटाट्याची चाळ (१९५८) मधील चाळकऱ्यांच्या भ्रमणमंडळाची पुण्याची सहल हे जवळच्या प्रवासाचे, तर ‘म्हैस’ हे एस. टी.च्या प्रवासाचे उत्तम विनोदी चित्र होय. गाडीखाली म्हैस येते आणि प्रवास थांबतो. त्या थांबलेल्या गाडीभोवती पुढारी, पोलीस, बघे व उतारू जमून एक संपूर्ण समाज उभा राहतो. प्रवास जेथे खोळंबतो तेथे प्रवासकथा सुरू होते, या नियमाचे हे उत्कृष्ट उदाहरण आहे.

वारीच्या वाटेवरील लेखनाचा वेगळा निर्देश केला पाहिजे. इरावती कर्वे (१९०५–७०) यांचा पंढरीच्या वाटचालीवरील लेख आणि दि. बा. मोकाशी (१९१५–८१) यांचे पालखी (१९६४) ही पुस्तकी शिक्षण घेतलेल्या प्रवाशाने भाविकांसोबत चालताना केलेली निरीक्षणे होत. त्यांतील स्मितरेषा सूक्ष्म आहे. आपण दिंडीकडे पाहत आहोत, तशी दिंडीही आपल्याकडे पाहत आहे, याचे भान त्यांत आहे.

कथाकथन व रंगभूमी : साठोत्तर काळात व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१), शंकर पाटील (१९२६–९४) व द. मा. मिरासदार (१९२७–२०२१) या त्रयीने गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम करून ग्रामीण विनोद पुन्हा श्रोत्यांपर्यंत नेला. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांच्या वऱ्हाड निघालंय लंडनला या १९७९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एकपात्री प्रयोगात प्रवासविनोदाला वेगळे परिमाण लाभले. मराठवाड्याच्या एका खेड्यातले वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला जाते, एवढेच कथासूत्र. परंतु बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करून देशपांडे यांनी एका गावाचा प्रवास रंगविला. अपूर्वाई तील सुशिक्षित प्रवाशापेक्षा हे प्रवासी निराळे आहेत. ते आपल्या बोलीसह, आपल्या मानापमानांसह जातात आणि लंडनलाच मराठवाड्याच्या मापाने मोजतात.

हास्याचे लक्ष्य : विनोदी प्रवासवर्णनाचे मूल्यमापन करताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की हसे कोणाचे होते. प्रवासी हा पाहुणा असतो व लेखणी त्याच्या हाती असते; ज्यांच्याविषयी तो लिहितो त्यांना बहुधा उत्तर देता येत नाही. या विषमतेचा गैरफायदा घेतल्यास विनोद हा तुच्छतेचे साधन बनतो. परमुलखातील लोकांचे उच्चार, खाणे व पेहराव यांची टवाळी, खेडूतास हमखास अडाणी ठरविणे, स्त्रियांच्या सामानावर व बोलण्यावर तेच ते विनोद करणे, हे दोष मराठी लेखनातही आढळतात. असे लेखन काळाच्या ओघात लवकर शिळे होते, कारण त्यात दिसतो तो प्रदेश नसून लेखकाचा पूर्वग्रह असतो. याउलट जे टिकले, त्यातील हास्याचा रोख प्रथम प्रवाशाकडे वळलेला आहे. स्वतःवर हसणारा प्रवासी यजमानाला बरोबरीने वागवितो.

दुसरा प्रश्न, कोणाचा प्रवास वाङ्‌मयात येतो, हा आहे. नेवासा तालुक्यात सोनई व भेंडे येथे सहकारी साखर कारखाने आहेत. या भागातील कारखान्यांकडे दरवर्षी गळिताच्या हंगामात दुष्काळी प्रदेशातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या बिऱ्हाडासह येतात. बैलगाडी, ट्रक वा ट्रॅक्टर यांतून होणारा हा प्रवास महाराष्ट्रातील मोठ्या वार्षिक प्रवासांपैकी एक आहे. कोपीवर रात्री चूल विझल्यानंतर तेथेही वाटेतले किस्से सांगितले जातात, हसले जाते. कष्टाच्या प्रवासातले हे हसणे करमणुकीचे नसते. दिवस पार पाडण्याचे असते. परंतु प्रवासवर्णनाच्या ग्रंथांत सहलीला निघालेल्यांची संख्या मोठी आणि पोटासाठी निघालेल्यांची अत्यल्प आहे. धनगर, बैलबाजारातील व्यापारी, भराडी, गोंधळी, तमाशाच्या फडातील कलावंत यांचे आयुष्य वाटेवर गेले, तरी त्यांच्या विनोदाचे संकलन फार थोडे झाले. लिहिणाऱ्याने स्वतः केलेला प्रवास एवढीच या प्रकाराची व्याख्या धरली, तर ही उणीव राहणारच. ऐकून लिहिलेल्या प्रवासकथांनाही त्यात स्थान दिले पाहिजे.

बदलते स्वरूप : खाजगी वाहने, आरक्षित आसने व भ्रमणध्वनी यांमुळे एकविसाव्या शतकात प्रवासातील अनिश्चितता कमी झाली. वाट विचारण्याची गरज उरली नाही, तेव्हा ‘इथंच’ म्हणणारा गावकरीही भेटेनासा झाला. शेजारी बसलेला प्रवासी कानात गाणी ऐकू लागला, की सहप्रवाशाचा किस्सा जन्मास येत नाही. तथापि त्यामुळे हा प्रकार संपुष्टात येईल, असे मानण्याचे कारण नाही. नकाशा दाखविणाऱ्या यंत्राने गाडी शेतात नेऊन उभी केल्याची कथा ही चुकलेल्या वाटेच्या जुन्या कथेचीच नवी आवृत्ती होय. फजितीची साधने बदलतात. फजिती होण्याची माणसाची पात्रता कायम राहते.

या वाङ्‌मयाचे सांस्कृतिक मूल्य त्यातून मिळणाऱ्या करमणुकीपुरते मर्यादित नाही. गाड्यांचे भाडे, खाणावळींचे पदार्थ, धर्मशाळांचे नियम, अनोळखी माणसांनी परस्परांना हाक मारण्याच्या रीती, जातिपातींचे वाटेवर सैल होणारे किंवा घट्ट राहणारे बंध यांची जी नोंद अधिकृत कागदपत्रांत सापडत नाही, ती विनोदी प्रवासवर्णनात अनायासे जतन होते. गंभीर प्रवासी नमूद करण्याजोगे तेवढेच नमूद करतो. विनोदी प्रवासी जे नमूद करण्याजोगे नाही तेच टिपतो, आणि पुढील पिढ्यांना बहुतेक वेळा त्याचीच गरज पडते. स्तंभ, मंदिरे व शिलालेख यांवरून एखाद्या गावी कोण आले हे कळते. तेथे पोहोचेपर्यंत त्यांचे काय झाले, हे कळण्यासाठी मात्र वाटेवरच्या किस्स्यांकडेच वळावे लागते.